इंजिन उघडण्याआधी टायमिंग बघा

हुन्नर घरचा



चिपळूणजवळच्या एका गावातून एका मुलीचं पत्र आलं आहे. त्यांच्या घरी अब्बांनी घेतलेली प्रीमियर पद्मिनी आहे. अब्बांना पक्षाघात झाल्यापासून महिन्यातून दोनदा शहरात डॉक्टरांकडे न्यावं लागतं, आणि पुढची सीट मागे सरकवून बसायची त्यांना याच गाडीत सवय आहे. गेल्या वर्षभरात गाडी हळूहळू मंदावली. चढावर दम धरत नाही, पेट्रोल जास्त खाते, काटा गरमकडे जातो. गॅरेजवाल्यानं ऐकून सांगितलं, "इंजिन संपलं, बांधावं लागेल," आणि साठ हजारांचा अंदाज दिला. कुवेतमधला भाऊ म्हणतो की एवढ्या पैशांत जुन्या गाडीला हात लावू नका, भंगारात काढा. अम्मीचं मन होत नाही. मुलीचा प्रश्न सरळ आहे: "इंजिन खरंच संपलंय का, हे आम्हाला घरी कसं कळेल?"

हा प्रश्न एका घराचा नाही. मुंबईत पद्मिनी टॅक्सीला २०२३ च्या ऑक्टोबरात निरोप मिळाला, पण कोकणात, मिरज-सांगलीकडे, मराठवाड्यात आणि मुंबईच्या चाळींखालीही अशा गाड्या अजून झाकून ठेवलेल्या दिसतात. कुठे पद्मिनी, कुठे अँबेसेडर, कुठे कार्बोरेटरवाली मारुती. ज्या उस्तादांना त्यांची नाडी कळत होती त्यांतले पुष्कळजण आता थकले. नव्या पोरांचा हात संगणक लावून दोष वाचणाऱ्या यंत्रावर बसला आहे, आणि पद्मिनीत ते यंत्र लावायला जागाच नाही. त्यामुळे "इंजिन बांधू" हे उत्तर लवकर येतं. त्यात दर वेळी लबाडीच असते असं नाही; अनेकदा जुन्या इंजिनाची ओळखच नसते.

म्हणून या महिन्यात एकच काम समजून घेऊ: इग्निशन टायमिंग, म्हणजे प्लगमध्ये ठिणगी कधी पडावी याची वेळ. पत्रात लिहिलेली तिन्ही लक्षणं, म्हणजे मंदपणा, जास्त पेट्रोल आणि गरम होणं, ठिणगी उशिरा पडायला लागली की दिसतात. ती तपासायला लागणारं सामान बहुतेक घरी असतं, आणि सुट्टीची एक सकाळ पुरते. साठ हजारांचा निर्णय त्यानंतर घ्यावा.

ठिणगी आधी का पडते?

सिलिंडरमध्ये पिस्टन वर येतो, पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबतो, मग ठिणगी पडते, मिश्रण जळतं आणि तो जोर पिस्टनला खाली ढकलतो. हे आपण शाळेत शिकलो. पण ठिणगी नेमकी कधी पडते? पिस्टन वर टोकाला पोचल्यावर, असं कुणालाही वाटेल. टोकाला गॅरेजच्या भाषेत 'टॉप' म्हणतात. खरं तर ठिणगी टॉपच्या थोडी आधी पडते.

कारण जळायला वेळ लागतो. रमजानमध्ये घरातली बाई अजान ऐकून भजी तळायला घेत नाही. अजानची वेळ ठरलेली आहे आणि तळायला वेळ लागणार हे तिला ठाऊक असतं, म्हणून कढई आधी चढते. फार आधी चढली तर भजी गार होतात, उशिरा चढली तर रोजेदार ताटावर थांबतात. पिस्टनचा टॉप ही अजानची वेळ समजा आणि ठिणगी म्हणजे कढईखालचा जाळ.

आता वेगाचा हिशोब पाहू. समजा मिश्रण जळायला एका सेकंदाचा पाचशेवा भाग लागतो. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्या मारत असेल, तर तेवढ्या वेळात क्रँक साधारण १० अंश फिरतो. तेच इंजिन ३००० फेऱ्यांवर असेल तर तेवढ्याच वेळात क्रँक ३६ अंश फिरून जातो. म्हणजे वेग वाढला की ठिणगी आणखी आधी पडायला हवी. प्रत्यक्षात वेगात मिश्रण जास्त घुसळतं आणि लवकर जळतं, त्यामुळे पूर्ण ३६ अंश लागत नाहीत, पण दिशा हीच. हे काम डिस्ट्रिब्युटरच्या पोटातली दोन छोटी वजनं करतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि ठिणगी लवकर आणतात. काही गाड्यांत कार्बोरेटरकडून येणारी व्हॅक्यूमची बारीक नळीही यात मदत करते.

आपण हातानं बसवतो ती फक्त सुरुवातीची वेळ. पुढचं गणित गाडी स्वतः करते. पण सुरुवातच चुकली तर पुढचा सगळा हिशोब तेवढाच चुकतो.

वेळ चुकली की काय होतं?

ठिणगी उशिरा पडली तर पिस्टन खाली निघाल्यावर जाळ पेटतो. ढकलायची संधी अर्धी गेलेली असते. उरलेली आग सायलेन्सरकडे जाताना जळत राहते, म्हणून इंजिन आणि एक्झॉस्ट दोन्ही तापतात. गाडी पुढे जात नाही म्हणून चालवणारा पाय आणखी दाबतो आणि पेट्रोल वाढतं.

ठिणगी फार लवकर पडली तर पिस्टन अजून वर येत असतानाच वरून त्याला दणका बसतो. स्टार्टर मारताना इंजिन उलटा झटका देतं. चढावर जोर दिला की काचेच्या बांगड्या वाजाव्यात तशी किणकिण ऐकू येते. याला नॉकिंग म्हणतात. या आवाजाकडे दुर्लक्ष करू नये. बराच काळ नॉकिंग चालू राहिलं तर पिस्टनच्या डोक्याला भोक पडतं, आणि मग इंजिन खरोखरच बांधावं लागतं.

इथे एक फसवणूक होते. टायमिंग लवकर केलं की गाडी क्षणभर चपळ वाटते. गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून काहीजण नुसत्या कानानं ते लवकर करून देतात. अनुभवी उस्तादाचा कान मोलाचा असतोच, पण तो शेवटच्या पडताळणीसाठी. माप आधी, कान नंतर.

वर्षभरात हळूहळू का बिघडतं?

पत्रातला 'हळूहळू' हा शब्द महत्त्वाचा आहे. डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाखाली पॉइंट असतात. मधला दांडा फिरतो, त्याच्यावरचा कॅम पॉइंटच्या फायबरच्या टाचेला ढकलतो आणि पॉइंट उघडतात. ज्या क्षणी ते उघडतात त्याच क्षणी कॉइलमध्ये मोठा दाब तयार होऊन ठिणगी पडते. ही टाच रोज झिजते. टाच झिजली की पॉइंटमधली फट कमी होते, फट कमी झाली की पॉइंट उशिरा उघडतात, आणि ठिणगी उशिरा पडते. कुणी काही न बिघडवता, दिवसेंदिवस टायमिंग मागे पडत जातं. घरातल्यांना एका दिवसात फरक जाणवत नाही. वर्षानं वाटतं की गाडी म्हातारी झाली.

म्हणून कामाचा क्रम लक्षात ठेवा: आधी पॉइंटची फट, मग टायमिंग, आणि सगळ्यात शेवटी कार्बोरेटर. टायमिंग लावून नंतर फट बदलली तर लावलेलं टायमिंग गेलं. आणि टायमिंग चुकलेलं असताना कार्बोरेटरचे स्क्रू फिरवत बसलं तर दोन्ही बिघडतात.

सामान आणि तयारी

लागेल ते असं: पाने, स्क्रू-ड्रायव्हर, प्लग पाना, फट मोजायच्या पात्यांचा फिलर गेज, पार्किंग लाइटचा १२ व्होल्टचा एक बल्ब, त्याला जोडलेल्या दोन वायरी, खडू आणि स्वच्छ फडकं. फिलर गेज नसेल तर स्पेअर पार्टच्या दुकानात थोड्या पैशांत मिळतो.

गाडी सपाट जागी, मोकळ्या हवेत, इंजिन थंड असताना उभी करा. पेट्रोलचा वास येत असेल तर आधी नळ्या तपासा. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि जुन्या गाड्यांच्या मूळ रबरी नळ्या त्यानं लवकर नरम पडतात किंवा चिरतात. गळती असताना ठिणगीचं कोणतंही काम करू नका. विडी-सिगारेट लांब. लहान मुलं लांब.

प्लगच्या वायरी काढण्याआधी प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून नंबर लिहा. पद्मिनी आणि अँबेसेडर या दोन्हींत ठिणगीचा क्रम १-३-४-२ असा आहे. मारुती ८०० चं इंजिन तीन सिलिंडरचं, तिचा क्रम १-३-२. दोन वायरी अदलाबदल झाल्या तर टायमिंग कितीही बरोबर लावा, गाडी फटफट करणारच.

मग चारही प्लग काढून ओळीनं मांडा आणि त्यांचा रंग पाहा. टोक बिस्किटासारखं तपकिरी असेल तर जळण चांगलं. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त येतंय किंवा ठिणगी कमजोर आहे. पांढरं, भाजल्यासारखं असेल तर सिलिंडर फार तापतंय. ओलं, तेलकट असेल तर ऑइल वर चढतंय. हे कागदावर लिहून ठेवा. शेवटी निर्णय घेताना कामी येईल.

पहिलं काम: पॉइंट

झाकण काढा. आतून ते फडक्यानं पुसा आणि उजेडात धरून बारीक चीर किंवा काळी रेघ आहे का पाहा. असेल तर झाकण बदला, कारण करंट त्या रेघेतून पळतो. रोटर हातानं त्याच्या फिरायच्या दिशेला थोडा पिळून सोडा. तो स्प्रिंगनं मागे आला पाहिजे. नाही आला तर आतली वजनं गंजून अडकली आहेत. तिथे तेलाचे दोन थेंब सोडून ती मोकळी करा.

आता पॉइंट पाहा. एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेकडी झाली असेल तर पॉइंट बदला आणि सोबत कंडेन्सरही बदला, कारण धातू असा एकीकडून दुसरीकडे जातो तेव्हा संशय कंडेन्सरवरच असतो.

इंजिन हळूहळू फिरवत पॉइंटची टाच कॅमच्या उंच टोकावर आणा. इंजिन फिरवायला गाडी टॉप गिअरमध्ये घालून कुणीतरी मागून सावकाश ढकलायची. प्लग काढलेले असल्यामुळे ते सहज फिरतं. टाच उंचीवर असताना फट मोजा. पद्मिनीला साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर, अँबेसेडरला थोडी कमी, ०.३५ ते ०.४ च्या आसपास. पातं फटीत शिरताना अगदी हलकं घासलं पाहिजे. अडकलं तर फट कमी, सैल गेलं तर जास्त. स्क्रू सैल करून फट बरोबर करा, घट्ट करा आणि पुन्हा मोजा, कारण घट्ट करताना ती हलते. कॅमवर ग्रीसचं नुसतं बोट फिरवा. त्यानं टाच कमी झिजते. ग्रीस जास्त झालं तर ते उडून पॉइंटवर बसतं आणि करंट तोडतं.

दुसरं काम: एक नंबर टॉपवर

इंजिनाच्या पुढच्या बाजूला क्रँकची पुली आहे. तिच्या कडेला एक खाच किंवा रेघ असते, आणि शेजारच्या कव्हरवर खुणा किंवा काटा. ग्रीस-मळ पुसला की दिसतात. काही गाड्यांत ही खूण मागे फ्लायव्हीलवर असते आणि रबरी बूच काढून छोट्या खिडकीतून पाहावी लागते. खुणांवर खडू घासा म्हणजे ठळक होतील.

पण खाच काट्यासमोर आली एवढ्यानं भागत नाही. ती इंजिनाच्या दोन फेऱ्यांत दोनदा समोर येते, एकदा दाबाच्या फेरीला आणि एकदा धूर बाहेर टाकण्याच्या. आपल्याला दाबाची हवी. त्यासाठी एक नंबर सिलिंडरच्या प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरा आणि दुसऱ्याला गाडी ढकलायला सांगा. हवा अंगठ्याला जोरानं बाहेर ढकलू लागली की पिस्टन दाबत वर येतो आहे. त्या वेळी खाच काट्याकडे येताना पाहा.

थांबायचं कुठे? टॉपच्या आधी, तुमच्या गाडीच्या पुस्तकात दिलेल्या अंशांवर. हा आकडा प्रत्येक मॉडेलला वेगळा आहे, म्हणून शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नका. कव्हरवर अंशांच्या खुणा नसतील तर सोपा उपाय आहे. दोरी पुलीच्या कडेला गुंडाळून घेर मोजा आणि ३६० ने भागा. घेर ३६० मिलिमीटर असेल तर एक अंश म्हणजे एक मिलिमीटर. पुस्तकात १० अंश असतील तर खाचेपासून १० मिलिमीटर मोजून खडूची नवी खूण करा. ही खूण खाचेच्या पुढच्या बाजूला करायची, म्हणजे पुली ज्या दिशेनं फिरते त्या दिशेला, कारण ती काट्यासमोर खाचेच्या आधी यायला हवी.

खूण ओलांडली गेली तर गाडी मागे ओढून जुळवू नका. चेन आणि गिअरमधला ढिलेपणा उलटा होतो आणि माप खोटं पडतं. बरंच मागे जाऊन पुन्हा पुढे येत खुणेवर थांबा.

तिसरं काम: बल्ब लावून टायमिंग

कॉइलमधून येणारी जाड वायर झाकणातून काढा आणि तिचं टोक इंजिनाच्या धातूला टेकवून बांधा, म्हणजे ठिणगी भलतीकडे उडणार नाही. कॉइलमधून डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी बारीक वायर जिथे जोडली आहे तिथे बल्बची एक वायर लावा आणि दुसरी गाडीच्या बॉडीला. स्विच चालू करा. पॉइंट बंद असतात तेव्हा करंट त्यांच्यातून जमिनीला जातो आणि बल्ब विझलेला राहतो. पॉइंट उघडले की करंटला बल्बाचाच रस्ता उरतो आणि तो पेटतो. म्हणजे बल्ब पेटण्याचा क्षण हाच ठिणगीचा क्षण.

डिस्ट्रिब्युटरच्या बुडाचा बोल्ट थोडा सैल करा. रोटर ज्या दिशेनं फिरतो त्याच दिशेला पूर्ण डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवा, बल्ब विझेल. आता अगदी हळू उलट्या दिशेला फिरवा. बल्ब पेटला की तिथेच थांबा आणि बोल्ट आवळा. हात हलका ठेवा, कारण डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या निम्म्या वेगानं फिरतो आणि इथला एक अंश म्हणजे क्रँकचे दोन. स्विच लगेच बंद करा. पॉइंट बंद असताना स्विच जास्त वेळ चालू राहिला तर कॉइल तापते.

खात्रीसाठी इंजिन पूर्ण दोन फेऱ्या पुढे फिरवा. खूण काट्यासमोर येते त्याच वेळी बल्ब पेटला तर काम बरोबर झालं. आधी किंवा नंतर पेटला तर पुन्हा करा. दुसऱ्या खेपेला दहा मिनिटांत होतं.

ज्यांच्याकडे स्ट्रोबची टायमिंग लाइट आहे त्यांनी चालू इंजिनावर एकदा पडताळून घ्यावं. व्हॅक्यूमची नळी असेल तर ती काढून तोंड बंद करा, इंजिन उभ्या वेगावर ठेवा आणि पुलीवर झोत टाका. खूण जागेवर थांबल्यासारखी दिसते. मात्र एक सक्त सूचना. त्या झोतात पंखा आणि पट्टाही थांबल्यासारखे दिसू शकतात, आणि ते पूर्ण वेगात फिरत असतात. ओढणी, दुपट्टा, सैल बाही, गळ्यातला रुमाल, घड्याळ यांतलं काही अंगावर लोंबतं ठेवून चालू इंजिनावर वाकू नये. केस बांधलेले असावेत.

हे सगळं पॉइंटवाल्या पेट्रोल गाडीसाठी आहे. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक जोड बसवला असेल तर बल्बाची युक्ती चालत नाही, तिथे टायमिंग लाइटच लागते. डिझेल गाडीत प्लगची ठिणगी नसतेच. आणि गाडी पूर्वी टॅक्सी असेल किंवा सीएनजी किट लावलं असेल तर हे लक्षात घ्या: सीएनजी पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो, म्हणून गॅससाठी टायमिंग लवकर ठेवलं जातं. अशी गाडी पुन्हा फक्त पेट्रोलवर चालवायची असेल तर टायमिंग पेट्रोलच्या आकड्यावर परत आणलंच पाहिजे, नाहीतर नॉकिंग होणार.

रस्त्यावरची परीक्षा

प्लग आणि वायरी नंबरप्रमाणे परत लावा, व्हॅक्यूमची नळी असेल तर तीही जोडा, इंजिन पूर्ण गरम होऊ द्या आणि ओळखीच्या चढावर जा. लगेच कशेडीचा घाट नको, गावाबाहेरचा एखादा चढ पुरे. टॉप गिअरमध्ये, साधारण ४० च्या वेगावर ॲक्सिलरेटर दाबा. गाडीनं ओढ घेतली पाहिजे. किणकिण सतत ऐकू आली तर टायमिंग जरासं उशिरा करा, म्हणजे डिस्ट्रिब्युटर रोटरच्या दिशेला केसभर. किणकिण नाही, ओढही चांगली आणि काटा जागेवर, मग हात लावू नका.

तरीही फरक पडला नाही तर?

मग इंजिनाची खरी तपासणी करा, तीही उघडण्याआधी. कोणत्याही बऱ्या गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन गेज असतो. प्लग काढून चारही सिलिंडरचा दाब मोजायला सांगा आणि चारही आकडे लिहून घ्या. चारही एकमेकांच्या जवळ असतील तर इंजिन बांधायची घाई नाही. दोष कार्बोरेटर, फिल्टर, जाम झालेला ब्रेक किंवा सायलेन्सर यांत शोधा. एखादा आकडा फार खाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजायला लावा. दाब वाढला तर रिंगा झिजल्या. वाढला नाही तर बहुधा व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत, आणि त्यासाठी अनेकदा फक्त हेड उतरवावं लागतं, पूर्ण इंजिन नाही. दोन्ही कामांच्या खर्चात मोठा फरक आहे.

चारही आकडे खाली, मागून निळा धूर, प्लग तेलकट आणि दर आठवड्याला ऑइल घालावं लागतंय, अशी सगळी लक्षणं एकत्र असतील तर गॅरेजवाल्याचं म्हणणं खरं आहे. मग ते मान्य करावं आणि गाडी ठेवायची की द्यायची हे घरानं बसून ठरवावं. त्या बैठकीत हातात आकडे असले की कुवेतच्या फोनवरही वाद कमी होतो.

घरात एक वही करा. तारीख, किलोमीटर, पॉइंटची फट, टायमिंगचे अंश, प्लगचे रंग, दाबाचे आकडे, एवढंच तिच्यात लिहायचं. दर पाच हजार किलोमीटरला, किंवा गाडी कमी फिरत असेल तर वर्षातून एकदा, फट मोजून नोंद करा. अब्बा किंवा चाचा यांनी ही गाडी वर्षानुवर्षं सांभाळली असेल तर त्यांना शेजारी खुर्ची टाकून बसवा आणि विचारत विचारत काम करा. त्यांना ठाऊक असलेल्या पुष्कळ गोष्टी कुठल्याच पुस्तकात नसतात. मुलगा असो की मुलगी, ज्याला आवड आहे त्याच्या हाती फिलर गेज द्या.

पुढच्या अंकात कार्बोरेटरची सफाई आणि उभ्या वेगाची सेटिंग पाहू. तोवर आपापल्या गाडीची फट आणि टायमिंग मोजून आकडे पत्रात कळवा. गाडीचं मॉडेल आणि साल जरूर लिहा, म्हणजे उत्तर नेमकं देता येईल.

खुदा हाफिज.